अंबाबाईच्या दारातलं उत्तरायण

आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काहीच बोलायचं नाही. आज सूर्याबद्दल बोलू, आणि बोलता बोलता आपल्या अंबाबाईच्या देवळात जाऊन येऊ.

आमच्या एका गटाच्या बैठकीत संक्रांतीच्या वाणाचं चाललं होतं. सुगडं कुठून आणायची, वाणाला यंदा काय द्यायचं, असं. तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, "आमच्या पोरीच्या भूगोलाच्या पेपरात उत्तरायण कधी सुरू होतं असा प्रश्न आला. तिनं १४ जानेवारी लिहिलं आणि एक मार्क गेला. पुस्तकात २२ डिसेंबर आहे म्हणे. मग आपण संक्रांतीला उत्तरायण म्हणतो ते काय?" बैठकीत लगेच दोन तट पडले. शेवटी एका आजींनी निकाल दिला : "पुस्तकातलं पेपरात लिहायचं, घरातलं घरात पाळायचं."

बैठक पुढे सरकली, पण हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. सातवीतल्या मुलीला एकदा कळलं की शाळेत एक खरं असतं आणि घरात दुसरं, की मग ती शाळेतलं सगळंच पेपरापुरतं ठेवते. गणितही, आरोग्यही. हिमोग्लोबिन किती असावं ते पाठ करून मार्क मिळवते आणि घरी येऊन सगळ्यांच्या शेवटी जेवते. म्हणून या प्रश्नाचं नीट उत्तर शोधायचं मी ठरवलं. बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्यामुळे जुन्या गोष्टी चाळायची सवय आहे. आणि उत्तराची सुरुवात सापडली ती आपल्या कोल्हापुरातच, महाद्वारात.

किरणोत्सव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला, मावळत्या सूर्याची किरणं देवीच्या मूर्तीवर येतात. रंकाळ्याच्या बाजूला कललेला सूर्य, तिथून महाद्वार, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं करत ऊन गाभाऱ्यात शिरतं. आधी पायांवर, मग वर सरकत कमरेपर्यंत, आणि आभाळ स्वच्छ असेल तर चेहऱ्यापर्यंत. सूर्य जितका खाली जातो तितकी किरणं आडवी होतात, म्हणून ऊन मूर्तीवर खालून वर चढतं. हे सगळं काही मिनिटांत होतं. एखादा ढग आडवा आला की त्या दिवशीचं दर्शन हुकलं.

आता यातली एक गोष्ट बघा. नवरात्र तिथीवर येतं. त्र्यंबोलीची यात्रा ललिता पंचमीला, म्हणजे तिथीवर. अंबाबाईचे बहुतेक सण तिथीचे. किरणोत्सव मात्र इंग्रजी तारखेवर. नोव्हेंबरच्या १० तारखेला एका वर्षी दिवाळी असेल, दुसऱ्या वर्षी दिवाळी होऊन पंधरवडा उलटला असेल. किरणांना त्याचं काही नाही. ती आपल्या तारखेला येतात.

असं का? तिथी चंद्राची असते. अमावास्येपासून चंद्र किती पुढे गेला, त्यावरून प्रतिपदा, द्वितीया मोजतात. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि वर्ष असतं ३६५ दिवसांचं. म्हणून दरवर्षी तिथी अकरा दिवस मागे सरकते आणि अधूनमधून अधिक मास घालून ती पुन्हा जाग्यावर आणावी लागते. सूर्य कुठे मावळणार हे मात्र चंद्रावर ठरत नाही. ते पृथ्वी सूर्याभोवती फिरताना कुठे पोचली त्यावर ठरतं. आणि इंग्रजी तारखा त्याच फेरीला बांधलेल्या आहेत.

आता थोडा हिशोब. हिशोबाला आपण घाबरत नाही, गटाची वही आपणच लिहितो. किरणोत्सवाचा मधला दिवस धरा. नोव्हेंबरात १० तारीख, नंतर १ फेब्रुवारी. दोन्हींत अंतर किती? नोव्हेंबरचे उरलेले २०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१ आणि फेब्रुवारीचा १. झाले ८३ दिवस. त्याचे निम्मे साडेएक्केचाळीस. १० नोव्हेंबरपासून ४१ दिवस मोजले की २१ डिसेंबर येतो, ४२ मोजले की २२ डिसेंबर. बरोबर मधोमध.

याचा अर्थ असा. नोव्हेंबरात सूर्य रोज थोडा थोडा दक्षिणेला सरकत मावळतो. १० तारखेच्या आसपास तो देवीच्या दाराच्या रेषेत येतो, तीन दिवसांत ती रेषा ओलांडतो आणि पुढे दक्षिणेकडे जातो. एका जागी पोचून थबकतो, मागे फिरतो, आणि जितके दिवस जायला लागले तितक्याच दिवसांनी पुन्हा त्याच दाराच्या रेषेत येतो. तो मागे फिरला तो दिवस म्हणजे जाण्यायेण्याचा मधला दिवस. २१-२२ डिसेंबर. उत्तरायण म्हणजे हेच, उत्तरेकडे चालणं.

समजा, सूर्य खरोखर १४ जानेवारीला मागे फिरत असता. १० नोव्हेंबरपासून १४ जानेवारीपर्यंत ६५ दिवस होतात. मग परतीची किरणं आणखी ६५ दिवसांनी, २० मार्चच्या सुमारास यायला हवी होती. पण मार्चमध्ये किरणोत्सव कुणी पाहिलेला नाही. तेव्हा सूर्य थेट पश्चिमेला मावळतो आणि किरणांची ही वाट तर पश्चिमेपासून दक्षिणेकडे कललेली आहे, साधारण १८ अंशांनी. पेपरातल्या त्या प्रश्नाचं उत्तर महाद्वारात वर्षातून दोनदा लिहिलं जातं, आणि ते पुस्तकाच्या बाजूनं आहे.

पण मग सूर्य असा सरकतो का? खरं तर सूर्य सरकत नाही, आपण सरकतो. हे घरात करून बघण्यासारखं आहे, पोरांना बरोबर घ्या. खोलीच्या मधोमध स्टुलावर दिवा ठेवा. एक लिंबू घ्या, त्यातून दाभण आरपार घाला. शिवणाच्या गटाकडे दाभण असतोच. दाभण सरळ उभा धरायचा नाही, थोडा तिरका धरायचा. पृथ्वीचा आस असाच साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. आता दाभणाभोवती लिंबू फिरवा. हे परिवलन, यामुळे दिवस-रात्र होते. या फिरण्यात आपलं कोल्हापूर तासाला सुमारे १६०० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे पळत असतं. बरोबर हवा, झाडं, घरं सगळीच पळतात म्हणून कुणाला कळत नाही.

आता लिंबू तसंच तिरकं धरून दिव्याभोवती फेरी मारा. हे परिभ्रमण, याला वर्ष लागतं. वेग किती? सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर. कोल्हापूरहून पन्हाळ्याला जायला आपल्याला गाडीनं अर्धा-पाऊण तास लागतो, पृथ्वी तेवढं अंतर सेकंदाच्या आत तोडते. फेरी मारताना एकच पथ्य पाळायचं : दाभणाचं वरचं टोक खोलीच्या ज्या कोपऱ्याकडे आहे, त्याच कोपऱ्याकडे शेवटपर्यंत ठेवायचं. पोरं इथेच चुकतात, फिरताना टोकही फिरवतात. टोक स्थिर ठेवलंत तर दिसेल की फेरीच्या एका बाजूला वरचं टोक दिव्याकडे झुकलंय आणि समोरच्या बाजूला दिव्यापासून दूर झुकलंय. झुकलंय तो आपला उन्हाळा, दूर गेलंय तो हिवाळा. टोक दिव्यापासून जास्तीत जास्त दूर कलतं तो दिवस २१-२२ डिसेंबर. त्या दिवशी कोल्हापुरात दिवस सव्वाअकरा तासांपेक्षाही लहान असतो. जूनच्या २१ तारखेला तोच तेरा तासांचा होतो.

काही जणी म्हणतील, थंडी पडते कारण तेव्हा पृथ्वी सूर्यापासून लांब जाते. तसं नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याला वर्षातली सर्वांत जवळ असते, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. ऐन उसाच्या हंगामात, पहाटे शेकोटी पेटवतो तेव्हा. म्हणजे थंडीचं कारण अंतरात नाही, कलण्यात आहे.

इथपर्यंत पुस्तकाचा विजय झाला. पण आपल्या आज्या-पणज्या काय उगीच संक्रांतीला उत्तरायण म्हणत आल्या? उगीच नाही. त्याचं कारण पृथ्वीची तिसरी गती. शाळेत तिच्यावर फारसं बोलत नाहीत आणि मला स्वतःला हाच भाग सगळ्यांत आवडतो.

भोवरा आठवा. वेग कमी झाला की भोवरा फिरता फिरता डुलायला लागतो. त्याची आर जमिनीवर एका जागी असते, पण माथा हवेत गोल काढतो. पृथ्वीचा आसही तसाच डुलतो, फक्त फार म्हणजे फारच सावकाश. एक गोल पुरा व्हायला जवळजवळ २६ हजार वर्षं लागतात. याला परांचन गती म्हणतात. जुन्या पुस्तकांत संपातचलन किंवा अयनचलन असे शब्द आहेत. या डुलण्यामुळे होतं असं की ऋतू एकीकडे आणि नक्षत्रं दुसरीकडे अशी हळूहळू फारकत होत जाते.

मकर संक्रांत म्हणजे सूर्य मकर राशीत जातो तो दिवस. राशी आपण ताऱ्यांवरून धरतो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी सूर्य मकरेत शिरायचा आणि त्याच दिवशी मागेही फिरायचा. संक्रांत आणि उत्तरायण एकच होतं. तेव्हा ज्यांनी संक्रांतीला उत्तरायण म्हटलं त्यांनी आकाशात बघून, अगदी बरोबर म्हटलं. पुढे पृथ्वी डुलत राहिली. ऋतूंच्या मानानं संक्रांत दर सत्तर-बहात्तर वर्षांना एक दिवस पुढे सरकत गेली. उत्तरायण राहिलं २१-२२ डिसेंबरला, संक्रांत आली १४-१५ जानेवारीला. तेवीस-चोवीस दिवसांची फारकत म्हणजे त्या सतराशे वर्षांचा हिशोब आहे.

हे सरकणं इतिहासात दिसतं. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा. तो दिवस मकर संक्रांतीचा होता, असं त्यांच्या सगळ्या चरित्रांत दिलेलं असतं. म्हणजे दीडशे-एकशेसाठ वर्षांपूर्वी संक्रांत १२ तारखेला होती. आणखी मागे गेलं तर पानिपत. १४ जानेवारी १७६१ ही लढाईची तारीख, आणि आपल्याकडे बरेच जण सांगतात की ती संक्रांतीच्या दिवशी झाली. "संक्रांत कोसळली" हे बोलणं त्याला चिकटून बसलंय. पण तेव्हाची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येऊन गेली होती. आजचं कॅलेंडर तेव्हाच्या भिंतीवर लावलं की असं होतं.

बरं, हे सगळं आपल्याकडे कुणाला माहीतच नव्हतं आणि इंग्रजांनी येऊन सांगितलं, असंही नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तारे फिरताना दिसतात, हे आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये लिहून ठेवलं. अयनं सरकतात हे आपल्या जुन्या ज्योतिषांना ठाऊक होतं, त्यांनी त्याचे आकडेही दिले. महाराष्ट्रात पंचांगं बनत होती ती 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली रचला. गणित सोपं करून दिलं म्हणून जोश्यांनी तो उचलून धरला. पण तीनशे वर्षांत त्यातल्या आकड्यांचा आणि आकाशाचा मेळ बसेना. आपल्या वहीत रोज दहा पैशांची चूक राहिली तर वर्षाअखेर जे होईल, तसं.

आणि मग एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात पंचांगावरून जे रण माजलं! केरो लक्ष्मण छत्रे, ज्यांना लोक केरूनाना म्हणायचे, त्यांनी १८६५ मध्ये, शके १७८७ मध्ये, नव्या वेधांवरून सुधारलेलं पंचांग काढलं. आबासाहेब पटवर्धनांनी त्याला पाठबळ दिलं म्हणून ते पटवर्धनी पंचांग. पुढे विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आणखी एक पाऊल टाकलं. त्यांचं म्हणणं होतं की सण ऋतूंशी बांधलेले आहेत, म्हणून पंचांगही ऋतूंच्या हिशोबानं, म्हणजे सायन हवं. उत्तरायण खरोखर लागेल त्या दिवशी संक्रांत करा, म्हणजे २१-२२ डिसेंबरला. दुसरी बाजू निरयनवाल्यांची : नक्षत्रं सोडली तर आपलं राहिलं काय? दोन्ही बाजूंनी लेख, पत्रं, सभा. लोक पेचात, कारण पंचांग बदललं की एकादशी बदलते, श्राद्धाची तिथी बदलते, उपास चुकीच्या दिवशी पडतो. आणि मैत्रिणींनो, या एवढ्या वादात ज्या बायका ते उपास करत होत्या त्यांना कुणी विचारल्याचं मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही.

या मंडळींत मला शंकर बाळकृष्ण दीक्षित फार जवळचे वाटतात. दापोलीजवळच्या मुरूडला १८५३ मध्ये जन्म, पेशा शाळामास्तरचा. मोठी वेधशाळा नाही, दुर्बीण नाही. नोकरी सांभाळून त्यांनी आपल्याकडच्या ज्योतिषाचा सगळा इतिहास मराठीत लिहिला. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' नावानं आपण ओळखतो ते पुस्तक १८९६ चं. पुढे पन्नासच वर्षांचंही आयुष्य त्यांना मिळालं नाही, १८९८ मध्ये ते गेले. पण त्या मराठी पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर स्वतंत्र भारतात सरकारच्या हवामान खात्यानं छापलं.

त्यांची एक युक्ती सांगते. शतपथ ब्राह्मण नावाच्या जुन्या वैदिक ग्रंथात लिहिलंय की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. कृत्तिका म्हणजे तो चांदण्यांचा घोस, तुमच्यातल्या शेतावर राखणीला जाणाऱ्या बायकांना तो ठाऊक असेल. आज बघितलं तर कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत नाहीत, चांगल्याच उत्तरेकडे उगवतात. दीक्षितांनी हिशोब केला : पृथ्वी अशी डुलते, तर कृत्तिका बरोबर पूर्वेला कधी उगवत असतील? उत्तर आलं, इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षं. म्हणजे ते वाक्य तेव्हाचं निरीक्षण सांगतं. एक तारा कुठे उगवतो एवढ्यावरून त्यांनी काळ मोजला. आपण मघाशी सूर्य कुठे मावळतो त्यावरून उत्तरायण मोजलं, तीच ही रीत. लोकमान्य टिळक केरूनानांचे विद्यार्थी. त्यांनीही १८९३ मधल्या 'ओरायन' या पुस्तकात मृग नक्षत्र धरून असाच काळ काढला होता. आपल्याला टिळक केसरीतले माहीत, हे टिळक कमी माहीत. पंचांग दुरुस्तीचा ध्यास त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. आपल्या शेजारी सांगलीला १९२० मध्ये यासाठी संमेलन भरलं होतं, आणि त्याच वर्षी टिळक गेले.

वाद मिटवायचं काम स्वातंत्र्यानंतर सरकारवर आलं. तेव्हा देशात वेगवेगळ्या प्रांतांत तीसएक पंचांगं चालत होती. १९५२ मध्ये शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९५५ मध्ये तिचा अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ ला, १ चैत्र शके १८७९ या दिवशी, भारताचं राष्ट्रीय पंचांग सुरू झालं. आकाशवाणीवर सकाळी "भारतीय सौर" म्हणून जी तारीख सांगतात ती हीच. आपण ती ऐकतो आणि सोडून देतो. या पंचांगात पौष महिना सुरू होतो तो २२ डिसेंबरला. म्हणजे लेले, मोडक, दीक्षित यांचं म्हणणं सरकारी तारखेपुरतं मान्य झालं. सणवारांच्या पंचांगात मात्र नक्षत्रांची रीत चालू राहिली आणि संक्रांत तिथेच राहिली. आजही पुष्कळ पंचांगांत डिसेंबरच्या २१-२२ तारखेला बारीक अक्षरांत "सायन मकर" छापलेलं असतं. घरी जाऊन बघा. खरं उत्तरायण तिथे आहे, आपलं लक्ष जात नाही एवढंच.

मग त्या ताईंच्या मुलीला काय सांगायचं? तिला हेच सगळं सांगितलं. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला, हे पेपरातही खरं आणि महाद्वारातही खरं. संक्रांत म्हणजे सूर्य मकरेत जाण्याचा दिवस, तोही खरा, आणि एके काळी हे दोन्ही दिवस एक होते. हळदीकुंकू बंद करायचं कारण नाही. तिळगूळ थंडीत खायचा, आणि थंडी जानेवारीतही असतेच. पोरीनं लगेच विचारलं, मग किरणोत्सवाची तारीखपण संक्रांतीसारखी सरकणार का? प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं. उत्तर आहे, नाही. इंग्रजी वर्ष ऋतूंना धरून चालतं, त्यामुळे सूर्य १० नोव्हेंबरला तिथेच मावळत राहील.

तारीख सरकणार नाही, पण किरणं अडू शकतात, आणि हे मात्र आपल्या हातातलं आहे. सूर्य क्षितिजाला टेकायला आलेला असतो तेव्हाची ती किरणं. जवळजवळ आडवी येणारी. वाटेत एखादी इमारत चार फूट जास्त चढली, छतावर पाण्याची टाकी बसली, फलक लागला, की गाभाऱ्यात सावली. कोल्हापुरातल्या महाविद्यालयांच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी या वाटेची मोजमापं घेतली आहेत आणि अडथळे कुठे आहेत तेही दाखवलं आहे. त्यावर चर्चा होते, बातम्या येतात, मग पुढच्या नोव्हेंबरपर्यंत सगळे गप्प. हवेतली धूळ आणि धूरही किरणांचा जोर कमी करतात. ज्यांनी हे देऊळ उभं केलं त्यांच्याकडे ना घड्याळ होतं ना होकायंत्र. वर्षानुवर्षं मावळतीकडे बघत कुणीतरी खुणा केल्या असणार. देवीवर श्रद्धा असणाऱ्यांनी श्रद्धेसाठी, नसणाऱ्यांनी या मोजणीसाठी, पण ती वाट मोकळी राहावी म्हणून आपल्या गटांनी नगरसेवकांना विचारायला हरकत नाही.

शेवटी एक काम सांगते. गावात ज्यांच्या घराला गच्ची आहे किंवा दारातून मावळतीकडचा डोंगर, झाड, टाकी काहीतरी दिसतं, त्यांनी पोरांना घेऊन करायचं. एक जागा ठरवा आणि दर वेळी तिथेच उभं राहा. १० नोव्हेंबरला सूर्य कशामागे मावळला ते वहीत चित्र काढून लिहा. २२ डिसेंबरला पुन्हा. १ फेब्रुवारीला पुन्हा. पहिलं आणि तिसरं चित्र सारखं यायला हवं. घड्याळ मात्र सारखं दिसणार नाही, फेब्रुवारीत सूर्य जवळजवळ अर्धा तास उशिरा मावळेल. त्याचं कारण वेगळं आहे, ते पुन्हा कधी सांगेन. जमलं तर २१ मार्च आणि २१ जूनलाही बघा, जूनमध्ये ढग नसले तर. हात लांब करून वीत ताणली की आकाशाचे साधारण वीस अंश झाकले जातात. डिसेंबर ते जून सूर्याची मावळायची जागा अशा जवळजवळ अडीच विती सरकते. मावळता सूर्य अगदी क्षितिजाला टेकला की मगच बघायचं, वर असताना त्याच्याकडे डोळे लावायचे नाहीत, हे पोरांना बजावून सांगा.

आणि मे महिन्याच्या ६-७ तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात एक तांब्या पालथा ठेवा. त्या दिवशी सूर्य कोल्हापूरच्या बरोबर डोक्यावर असतो. तांब्याची सावली दिसते का बघा. हाच दिवस पुन्हा ६ ऑगस्टच्या आसपास येतो, पण तेव्हा पाऊस असतो, म्हणून मेमध्येच बघून घ्या. चित्रांच्या वह्या पुढच्या बैठकीला घेऊन या.